मायक्रोसाठी सॅम्पल तयार करताना: पॉलिशिंग मशीनची निवड, मांडणी आणि रोजचा वापर

रिपोर्टवर नोड्युलॅरिटी, म्हणजे गोल ग्रॅफाइटचं प्रमाण, ६८ टक्के लिहिली होती. ग्राहकाला किमान ८५ हवी होती. एसजी आयर्नची (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतो अशा कास्ट आयर्नची) अख्खी हीट, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेला माल, बाजूला काढून ठेवली गेली. मेल्टिंगवाले शपथेवर सांगत होते की ट्रीटमेंट (ग्रॅफाइट गोल व्हावा म्हणून मॅग्नेशियम घालणं) नीट झाली आहे, आणि स्पेक्ट्रोमध्ये, म्हणजे घटक मोजायच्या यंत्रात, मॅग्नेशियमही ०.०४ टक्क्यांच्या आसपास दिसत होतं. मग तोच तुकडा घेऊन मी पुन्हा पॉलिशिंग मशीनवर बसलो. नवा पेपर लावला, कापड बदललं, सॅम्पल धरलेला हात फिरता ठेवला. पंधरा-वीस मिनिटांनी त्याच तुकड्यात नोड्युलॅरिटी ९०च्या वर निघाली. पहिल्या वेळी प्रत्येक नोड्यूलला (ग्रॅफाइटच्या गोळीला) एकाच दिशेने शेपटी फुटलेली होती, आणि त्या बेडूकमाशासारख्या आकारांना सॉफ्टवेअरने गोल मानलं नव्हतं.

ही गोष्ट कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीतली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नच्या कितीतरी फाउंड्र्या आहेत, आणि बहुतेकींच्या लॅबमध्ये एका कोपऱ्यात डबल डिस्कचं पॉलिशिंग मशीन असतं. मायक्रोस्कोपवर कॅमेरा, त्याला संगणक, वर इमेज ॲनालिसिसचं सॉफ्टवेअर, यावर मालक लाखो रुपये घालतात. पॉलिशिंगवर मात्र काल लागलेल्या पोराला बसवतात आणि त्याला शिकवायला कुणाला वेळ नसतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. मायक्रोस्कोप दाखवेल ते त्या पृष्ठभागावर जे असेल तेच, आणि तो पृष्ठभाग बनतो पॉलिशिंगच्या डिस्कवर. म्हणून या लेखात कास्ट आयर्नचा तुकडा डोळ्यासमोर ठेवून मशीन घेण्यापासून एचिंगपर्यंतचं (ॲसिडने पृष्ठभाग किंचित खाऊन आतली रचना उघडी करण्यापर्यंतचं) सगळं काम लिहितो आहे. स्टील, ॲल्युमिनियम, पितळ यांचं वेगळं काय, तेही शेवटाकडे येईल.

घासताना आत काय होतं

धातूचा तुकडा पेपरवर घासला की ओरखडा उठतो, तो डोळ्याला दिसतो. पण नांगराचं तास जेवढं दिसतं तेवढीच माती हललेली नसते, तासाच्या खालची आणि बाजूचीही ढिली झालेली असते. धातूचंही तसंच आहे. ओरखड्याच्या तळाखाली धातूचे कण दाबले गेलेले, वळलेले असतात. कापणी जितकी जाड, तितका हा बिघडलेला थर खोल. पुढच्या बारीक पेपरने फक्त दिसणारे ओरखडे काढले आणि खालचा थर तसाच राहिला, तर सॅम्पल आरशासारखं चमकतं आणि एच केल्याबरोबर जुने ओरखडे भुतासारखे वर येतात.

शेफिल्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६३-६४ साली स्टील घासून, ॲसिडने एच करून मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि धातूच्या मायक्रोची, म्हणजे आतली बारीक रचना अशी पाहण्याची, सुरुवात झाली. ते मूळचे भूगर्भाचे अभ्यासक, खडकांचे पातळ काप करून पाहण्याची त्यांना सवय होती. तोवर लोक धातू तोडून त्याच्या तुटलेल्या बाजूवरूनच पारख करत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बेल्बी यांनी असं मांडलं की पॉलिश करताना धातू वाहून पृष्ठभागावर स्फटिक नसलेला एक थर पसरतो. बरीच वर्षं हेच मानलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या लिओनार्ड सॅम्युअल्स यांच्या कामाने नंतर दाखवलं की नीट केलेल्या पॉलिशिंगमध्येही मुख्यतः कापणंच चालतं, फक्त फार बारीक. रोजच्या कामात याचा अर्थ सरळ आहे: डायमंडचा कण धारदार हवा आणि तो कापेल इतका दाब हवा. कापडावर नुसतं गोंजारत बसलात तर धातू कापला जाणार नाही, फासला जाईल.

कास्ट आयर्नमध्ये भर पडते ग्रॅफाइटची. तो मऊ, भोवतालचा पर्लाइट (लोखंडातली एक रचना) कडक. जास्त घासलं की ग्रॅफाइट उपटून जातो आणि खड्डा उरतो. बोथट पेपरवर घासलं की कडेचा धातू ग्रॅफाइटवर ओढला जातो आणि नोड्यूल लहान दिसतात किंवा दिसतच नाहीत. दोन्ही वेळा पृष्ठभाग चकचकीतच असतो.

मशीन घेताना काय पाहावं

छोट्या लॅबला डबल डिस्कचं, वेग बदलता येणारं मशीन घ्यावं. एका डिस्कवर पेपर, दुसरीवर कापड. सिंगल डिस्क स्वस्त पडते, पण एकाच भांड्यात सिलिकॉन कार्बाइडचा चिखलही आणि शेवटचं पॉलिशही करायचं म्हणजे भरड कण कापडावर येणारच. जागा अगदीच नसेल तर दोन स्वतंत्र सिंगल डिस्क मशीन घ्या, मात्र दोन कामं वेगळी ठेवा.

डिस्कचा व्यास साधारण २००, २५० किंवा ३०० मिमी असतो. हाताने पॉलिश करणाऱ्याला २०० किंवा २५० पुरते. ३०० मिमीची डिस्क ऑटो हेडसाठी (सॅम्पल आपोआप धरून दाबणाऱ्या जोडणीसाठी) सोयीची, पण तिचे पेपर आणि कापडं महाग, आणि हा खर्च रोजचा आहे हे मशीन घेताना कुणी धरत नाही.

वेगाचा हिशोब एकदा स्वतः करून पाहा. २०० मिमीची डिस्क ३०० आरपीएमवर फिरते तेव्हा कडेला सेकंदाला सुमारे ३.१ मीटर वेग असतो, केंद्रापासून ५० मिमीवर १.६ मीटर, आणि अगदी मध्ये शून्य. म्हणजे मीटरवर आकडा एकच दिसला तरी सॅम्पल कुठे धरलं त्यावर कापणी बदलते. त्यामुळे ५० ते ५०० किंवा ६०० आरपीएमपर्यंत वेग बदलणारं मशीन असावं. दोनच ठरावीक वेग असलेल्या मशीनवरही काम होतं, पण शेवटच्या पॉलिशला १५० किंवा त्याखाली उतरता आलं पाहिजे.

मोटारच्या हॉर्सपॉवरपेक्षा कमी वेगावरचा जोर तपासा. डेमोच्या वेळी १०० आरपीएमवर डिस्क चालवून सॅम्पल जोरात दाबा. डिस्क अडखळली किंवा वेग पडला तर ते मशीन घेऊ नका. मग रिकाम्या डिस्कवर डायल गेज लावून हाताने फिरवा. काटा फार नाचत असेल तर डिस्क डुगडुगते आहे, आणि अशा डिस्कवर सॅम्पल कधीच सपाट येत नाही. भांडं, निचऱ्याची नळी, बेअरिंगवर पाणी जाऊ न देणारं सील, पाण्याचा फिरवता येणारा नळ या गोष्टी माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेल्या असतात, पण मशीन बंद पडतं ते बहुधा यांच्यामुळेच. निचऱ्याची नळी जाड आणि सरळ उताराची हवी. बारीक वेटोळ्याची नळी महिन्याभरात चिखलाने तुंबते.

ऑटो हेड घ्यावं का? दिवसाला आठ-दहा सॅम्पल असतील तर हाताने होतं. पंचवीस-तीसच्या पुढे गेलात किंवा तीन शिफ्टमध्ये तीन वेगळी माणसं पॉलिश करत असतील, तर ऑटो हेड घ्याच. ते हातापेक्षा चांगलं पॉलिश करतं असं नाही. ते दर वेळी तेवढाच दाब आणि तेवढाच वेळ देतं, आणि शिफ्टगणिक आकडे बदलणं थांबतं. त्यात दोन प्रकार येतात. एकात सगळी सॅम्पल होल्डरमध्ये घट्ट पकडून मधोमध दाब देतात. सपाटी उत्तम येते, पण एकच सॅम्पल काढून पाहता येत नाही. दुसऱ्यात प्रत्येक सॅम्पलवर वेगळी दांडी दाबते. फाउंड्रीच्या लॅबला हा दुसरा प्रकार सोयीचा, कारण इथे सॅम्पल एकेकच येतं आणि भट्टीवाला दारात उभा असतो.

मांडणी

मशीन कटिंगच्या खोलीत ठेवू नका, आणि मायक्रोस्कोपच्या टेबलावर तर नाहीच. एकीकडे धूळ, दुसरीकडे पाण्याचे शिंतोडे. फाउंड्रीत वाळूचा कण कुठेही पोहोचतो. खिडकी मोल्डिंगच्या बाजूला उघडत असेल तर ती बंद ठेवा. शेवटच्या कापडावर वाळूचा एक कण पडला की ते कापड गेलं.

ओटा भक्कम आणि स्पिरिट लेव्हलने पातळीत आणलेला असावा. बोअरचं पाणी असेल तर नळाआधी साधा फिल्टर बसवा. पाणी, वीज आणि ओले हात एकत्र येणार, त्यामुळे अर्थिंग आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) दोन्ही हवेत. शेजारी वाहत्या पाण्याचं बेसिन, हात धुवायचा साबण, अल्कोहोलची पिचकारी बाटली आणि केस वाळवायच्या ड्रायरसारखा गरम हवेचा ड्रायर एवढं हाताच्या अंतरावर ठेवा.

पेपर, कापड, डायमंड

एमरी पेपरच्या नंबरांचा घोळ आपल्याकडे फार आहे. कॉलेजात आपण १/०, २/०, ३/०, ४/० अशा पेपरांवर हात चालवायला शिकलो. बाजारात सिलिकॉन कार्बाइडचे वॉटरप्रूफ पेपर मिळतात, त्यांवर कधी नुसता नंबर असतो, कधी नंबराआधी पी असतो. या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. भरड बाजूला फरक फारसा जाणवत नाही, पण बारीक बाजूला मोठा आहे: पी नसलेला ६०० हा जवळपास पी १२०० इतका बारीक असतो. पी ६०० चे कण सुमारे २६ मायक्रॉनचे, पी १२०० चे सुमारे १५. स्टोअरने एकाच्या जागी दुसरा आणला आणि तुम्ही थेट डायमंडवर गेलात, की ओरखडे का जात नाहीत याचा शोध दिवसभर चालतो. खरेदीच्या कागदावर अक्षरासकट नंबर लिहा.

दुसरी गोष्ट, पेपर फार लवकर मरतो. दोन मिनिटं चाललेला सिलिकॉन कार्बाइडचा पेपर दिसायला नवा असतो, पण त्याची धार गेलेली असते. काटकसर म्हणून एकाच पेपरवर दहा सॅम्पल काढणाऱ्या लॅब मी पाहिल्या आहेत. पेपर वाचतो आणि ग्रॅफाइट फासला जातो.

कापड दोन जातींचं ठेवा. डायमंडसाठी लव नसलेलं, रेशमासारखं घट्ट विणीचं. शेवटच्या पॉलिशसाठी आखूड लवीचं, मखमलीसारखं. लांब लवीचं कापड कास्ट आयर्नला वापरू नका, त्याची लव ग्रॅफाइट उपसते. डायमंड पेस्ट ६, ३ आणि १ मायक्रॉनची पुरते. प्रत्येक मायक्रॉनला स्वतंत्र कापड, आणि कापडाच्या मागे मार्करने आकडा. वापरात नसलेलं कापड झाकणाच्या डब्यात उभं ठेवा. एकावर एक रचलीत की ६ मायक्रॉनचे कण १ मायक्रॉनच्या कापडावर उतरतात.

आता काम, क्रमाने

पहिलं कापणं. वाय-ब्लॉक किंवा कुपन (चाचणीसाठी ओतलेले तुकडे) किंवा कास्टिंगवरचा लग (बाहेर आलेला भाग), ग्राहकाशी जी जागा ठरली असेल तिथूनच तुकडा घ्या. लोखंड-पोलादाला ॲल्युमिनाचं कटिंग व्हील, ॲल्युमिनियम-पितळेला सिलिकॉन कार्बाइडचं. कूलंट सतत कापाच्या जागी पडला पाहिजे. कापलेली बाजू निळसर किंवा तपकिरी दिसली तर ती भाजली आहे, तिथला मायक्रो खोटा. जितकं कडक मटेरियल, तितकं मऊ बाँडचं व्हील घ्या, म्हणजे बोथट कण झडून नवे पुढे येतात. तुकडा १५ ते २५ मिमी रुंद आणि उंचीला रुंदीपेक्षा कमी ठेवा. उंच तुकडा हातात डोलतो आणि त्याला दोन पातळ्या पडतात.

माउंटिंग, म्हणजे तुकडा प्लास्टिकमध्ये बसवणं, दर वेळी लागत नाही. बोटांत नीट बसणारा कुपनचा तुकडा तसाच पॉलिश करता येतो. तुकडा छोटा असेल, पातळ असेल, किंवा कडेचाच मायक्रो हवा असेल तर माउंट करा. गरम माउंटिंग प्रेसमध्ये बेकेलाइट पावडर साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअसला दाबाखाली पाच ते दहा मिनिटं ठेवतात आणि दाबाखालीच थंड करतात. घाईत गरम माउंट बाहेर काढलं तर बेकेलाइट आकसून सॅम्पलभोवती फट पडते. त्या फटीत कण अडकतात आणि पुढच्या प्रत्येक कापडावर सांडतात. उष्णता चालणार नसेल तर कोल्ड सेटिंग रेझिन वापरा. ॲक्रिलिक काही मिनिटांत घट्ट होतं, इपॉक्सीला तास लागतात पण ते कमी आकसतं.

पॉलिशिंगच्या आधी तुकड्याच्या कडा लिनिशर बेल्टवर (फिरत्या घासायच्या पट्ट्यावर) किंवा भरड पेपरवर हलक्या मोडून घ्या, नाहीतर धारदार कड कापड फाडेल. कडेची केस डेप्थ (कडक थराची जाडी) किंवा डीकार्ब (कार्बन कमी झालेला थर) पाहायचं असेल तर मात्र कड मोडू नका, माउंट करा.

दुसरं, सपाट करणं. पी १२० किंवा पी १८०, भरपूर पाणी, ३०० आरपीएम. इथे फक्त एकच पातळी मिळवायची असते. सॅम्पल उजेडात तिरकं धरून पाहा, मधून रेघ गेल्यासारखी दोन प्रतिबिंबं दिसली तर दोन पातळ्या आहेत. त्या इथेच घालवायच्या, पुढे जात नाहीत.

दाब किती द्यायचा हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून नव्या माणसाला मी वजनकाट्यावर बसवतो. काट्यावर सॅम्पल ठेवून बोटांनी दाबायचं, आकडा अडीच ते तीन किलोवर स्थिर ठेवायचा. अर्धा तास हे केलं की हाताला तो जोर कळतो. पेपरवर एवढाच, शेवटच्या कापडावर त्याच्या निम्म्याहून कमी.

तिसरं, बारीक पेपर. पी ३२०, पी ६००, पी १२००. प्रत्येक पेपरवर जाताना सॅम्पल ९० अंशांत फिरवा. आधीच्या दिशेचे ओरखडे पूर्ण गेले की थांबू नका, त्यांना जायला जेवढा वेळ लागला तेवढाच आणखी घासा, म्हणजे खालचा बिघडलेला थरही जातो. एका पेपरला साधारण एक मिनिट येतं. दोन पेपरांच्या मध्ये सॅम्पल आणि हात, दोन्ही वाहत्या पाण्यात धुवा. हात धुवायचा राहतोच. नखाखाली अडकलेला पी १२० चा एक कण पुढचं सगळं काम फुकट घालवतो. मी तर भरड पेपरच्या कामाला हातमोजे घालतो आणि कापडाकडे जाताना ते काढून टाकतो.

चौथं, डायमंड. याच पायरीवर घाई होते आणि याच पायरीवर मायक्रो ठरतो. लव नसलेल्या कापडावर ६ मायक्रॉनची पेस्ट वाटाण्याएवढी, तीन-चार ठिकाणी टिंबं देऊन बोटाने पसरवा. वर डायमंडसाठीचं ल्युब्रिकंट, पाणी नाही. कापड ओलसर असावं, निथळतं नको. अंदाज असा: सॅम्पल उचलल्यावर त्यावरचा ओलावा काही सेकंदांत उडून गेला पाहिजे. त्याहून कोरडं झालं तर सॅम्पल कापडाला चिकटतं आणि काळपट होतं, फार ओलं असेल तर डायमंड तरंगतो आणि कापत नाही.

वेग १५० आरपीएम, वेळ तीन ते चार मिनिटं. सॅम्पल एका जागी दाबून धरायचं नाही. डिस्क ज्या दिशेने फिरते तिच्या उलट दिशेने, केंद्र आणि कड यांच्या मधल्या पट्ट्यात ते सावकाश फिरवत राहायचं. ज्या शेपट्यांनी माझी हीट अडवली होती त्या याच पायरीवर फुटतात. सॅम्पल स्थिर धरलं की कापडाची ओढ प्रत्येक नोड्यूलवरून एकाच दिशेने जाते आणि नोड्यूलच्या मागचा धातू शेपटीसारखा झिजतो. धूमकेतूसारखी दिसते म्हणून तिला कॉमेट टेल म्हणतात. हात फिरता ठेवला की ओढीची दिशा सतत बदलते आणि शेपटी धरत नाही.

६ मायक्रॉनवर पेपरमुळे ग्रॅफाइटवर ओढला गेलेला धातू कापला जातो आणि नोड्यूल खरे उघडे पडतात. ही वेळ कमी केली तर पुढच्या पायऱ्या ते भरून काढू शकत नाहीत. मग ३ मायक्रॉन तीन मिनिटं, १ मायक्रॉन दोन मिनिटं. प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने कापसाच्या बोळ्याने सॅम्पल पुसायचं, पाण्याने धुवायचं, अल्कोहोल मारायचं, गरम हवेने वाळवायचं. आणि पुढे जाण्याआधी १०० पटीत एक नजर टाकायची.

पाचवं, शेवटचं पॉलिश. आखूड लवीचं कापड, ०.०५ मायक्रॉन ॲल्युमिना पाण्यात कालवलेलं, १२० ते १५० आरपीएम, अगदी हलका हात, आणि फक्त ३० ते ४५ सेकंद. इथे माणसाला मोह होतो. सॅम्पल जसजसं चमकतं तसतसा हात थांबत नाही. “साहेब, आरशागत झालंय बघा!” म्हणत पोरगं सॅम्पल पुढे करतं, आणि मायक्रोस्कोपखाली ग्रॅफाइटच्या जागी खड्डे दिसतात, कडा गोल झालेल्या असतात. एक मिनिटाने ओरखडे गेले नाहीत तर तिथेच घासत बसू नका, मागे ३ मायक्रॉनवर जा. कोलॉइडल सिलिका वापरत असाल तर शेवटचे दहा-पंधरा सेकंद डिस्कवर नुसतं पाणी सोडा आणि कापड लगेच धुवा. सिलिका कापडावर वाळली की तिचे कडक खडे होतात.

कास्ट आयर्न पाण्याने फार लवकर गंजतं, पावसाळ्यात तर नजरेसमोर. त्यामुळे धुणं आणि अल्कोहोल यांच्यात थांबायचं नाही. पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, टिश्यूने घासायचं नाही.

एच करण्याआधी पाहा

ग्रॅफाइटचा आकार, नोड्युलॅरिटी, नोड्यूल काउंट हे सगळं एच न करता, १०० पटीत पाहायचं असतं. आयएसओ ९४५ आणि एएसटीएम ए २४७ या दोन्ही मानकांमधली तुलनेची चित्रंही त्याच मोठेपणाची आहेत. खरा ग्रॅफाइट करड्या रंगाचा असतो आणि फोकस हलवला तर त्यात पोत दिसतो. उपटून गेलेली जागा काळीकुट्ट, सपाट दिसते. नोड्यूल सगळे ठार काळे दिसत असतील तर तुम्ही ग्रॅफाइट मोजत नसून खड्डे मोजत आहात. हा एकच तपास नियमाने केला तर निम्मे खोटे रिपोर्ट थांबतील असं माझं मत आहे.

लोखंडातल्या फेराइट (मऊ) आणि पर्लाइट (कडक) या रचनांचं प्रमाण, कार्बाइड यांसाठी मग २ टक्के नायटल, म्हणजे नायट्रिक ॲसिड मिसळलेलं अल्कोहोल. ९८ मिली इथेनॉल आधी भांड्यात घ्यायचं आणि त्यात २ मिली नायट्रिक ॲसिड थेंबथेंब सोडायचं, उलट कधीही नाही. चष्मा, हातमोजे, एक्झॉस्ट चालू. एका वेळी थोडंच बनवा. ३ टक्क्यांपेक्षा जास्त ॲसिडचं नायटल इथेनॉलमध्ये बनवून बाटलीत साठवू नका, आत वायू साठून बाटली फुटू शकते. नायट्रिक ॲसिड आणि ॲसिटोन एकाच कचऱ्याच्या कॅनमध्ये जाणार नाहीत याची व्यवस्था आधीच करून ठेवा, ते मिश्रण स्फोटक आहे. सॅम्पल पाच-सात सेकंद बुडवा, आरसा दुधाळ झाला की बाहेर, पाणी, अल्कोहोल, गरम हवा. एच केल्यावर एकाच दिशेचे सरळ ओरखडे उगवले तर पेपरची पायरी अपुरी राहिली होती. एचिंग लांबवून ते झाकले जात नाहीत. पी ६०० पासून पुन्हा सुरू करा.

बिघाड ओळखण्याबद्दल थोडं

इकडेतिकडे एक-दोनच खोल ओरखडे, कुठल्याही दिशेचे, दिसत असतील तर कापडावर परका कण आला आहे. कापड ब्रशने वाहत्या पाण्यात धुऊन पाहा, नाहीतर फेका. सगळे ओरखडे एकाच दिशेचे असतील तर मागची पायरी अपुरी. कड धूसर आणि मध्य स्पष्ट दिसत असेल तर कड गोल झाली आहे: लवीचं कापड जास्त वेळ चाललं किंवा माउंटमध्ये फट आहे. ग्रॅफाइटभोवती तपकिरी वलय म्हणजे पाणी राहिलं, वाळवण्यात कसूर.

इतर धातू

ॲल्युमिनियम मऊ, त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण रुततात आणि मायक्रोस्कोपखाली इन्क्लूजनसारखे (धातूत अडकलेल्या परक्या कणांसारखे) दिसतात. पेपरवर दाब कमी ठेवा, पाणी जास्त सोडा, शेवटी कोलॉइडल सिलिका घ्या. पितळ आणि तांब्याचंही थोडंफार असंच, ओरखडे चिवट असतात, शेवटच्या पायरीला धीर लागतो. ऑस्टेनायटिक स्टेनलेस स्टील घासताना ताणाने कडक होतं, म्हणून पेपर नेहमीपेक्षा लवकर बदला, दाब जास्त देऊन वेळ वाचवायला जाऊ नका. हार्डन केलेलं स्टील पॉलिशला सगळ्यात सोपं, फक्त कापताना भाजू देऊ नका. इन्क्लूजन रेटिंग करायचं असेल तर तिथे कास्ट आयर्नचाच नियम लागतो: इन्क्लूजन उपटून जाता कामा नये.

मशीनची निगा आणि वही

शिफ्ट संपताना भांडं धुवा, निचऱ्यात बादलीभर पाणी ओता, डिस्क उचलून खालची बाजू कोरडी करा. ॲल्युमिनियमच्या डिस्कखाली ओल राहिली की ती शाफ्टच्या कोनावर पकडते आणि नंतर हातोडीशिवाय निघत नाही, आणि हातोडी लागली की डिस्क डुगडुगू लागते. चिकट पाठीचा पेपर काढल्यावर डिस्कवर गोंदाचा एक ठिपका राहिला तरी वरचा पेपर तिथे उंच होतो, तो स्पिरिटने पुसून काढा. आठवड्यातून एकदा बेल्टचा ताण आणि बेअरिंगचा आवाज पाहा.

आमच्या लॅबमध्ये मशीनशेजारी दोरीने बांधलेली एक वही असते. तीत पेपर कधी बदलला, कुठलं कापड कधी लावलं, पॉलिश कुणी केलं आणि हीट नंबर, एवढंच लिहितात. शिवाय आम्ही एसजी आयर्नचा एक तुकडा डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) जपून ठेवला आहे. त्याची नोड्युलॅरिटी तीन वेगळ्या हातांनी पॉलिश करून पक्की केलेली आहे. दर सोमवारी सकाळी त्या शिफ्टचा माणूस तोच तुकडा पी ६०० पासून पुन्हा पॉलिश करतो आणि आकडा वहीत टाकतो. ठरलेल्या आकड्यापेक्षा तो पाच टक्क्यांनी जरी खाली आला, तर त्या दिवशी कुठलीही हीट अडवण्याआधी पेपर, कापड आणि हात तपासले जातात.